भरलेली बाटली तशीच घरी



विषय थोडा संकोचाचा आहे, पण लिहायलाच हवा. आठवी-नववीच्या काही मुलींची पाण्याची बाटली पाळीच्या दिवसांत सकाळी भरून येते आणि दुपारी तशीच भरलेली घरी जाते. विचारले तर एक म्हणाली, "मॅडम, पाणी प्यायले की जावे लागते." दुसरी म्हणाली, "आधीच पोट फुगलेय, आणखी पाणी कशाला?"

दुसरीचे आधी घेऊ. पाळीच्या आधीच्या दोनेक आठवड्यांत इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढलेली असतात. त्यांच्यामुळे मीठ आणि पाणी राखण्याचा मूत्रपिंडांचा हिशेब बदलतो, थोडे पाणी रक्तवाहिन्यांबाहेर पेशींभोवती साठते. म्हणून पोट जड वाटते, अंगठी घट्ट होते, वजन किलोभर वाढलेले दिसते. ही चरबी नव्हे. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ते आपोआप उतरते. पाणी कमी प्यायल्याने मात्र उतरत नाही. शरीराला पाणी कमी पडले की ते आहे तेच अधिक धरून ठेवते. हात आखडायचा असेल तर मिठावर आखडावा. आपल्या माळव्यात पोह्यांवरही शेव आणि जेवणातही शेव, हे मुलींच्या आयांना वेगळे सांगायला नको! याच काळात अंगाचे तापमानही ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेले असते. त्यात उन्हाळा असला तर पाणी हवेच.

पाळीत रक्त साधारण ३०-४० मिलिलिटर जाते. ८० च्या वर, म्हणजे तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. चेहऱ्यावरची, पायांवरची सूज पाळीनंतरही राहिली तरीसुद्धा.

आता पहिली मुलगी. तिचे उत्तर मला अधिक लागले, कारण त्यात तिची चूक काहीच नाही. आमच्या आज्यांच्या काळी "बाहेर बसलेल्या" बाईला पाणी दुसऱ्याने वरून ओतायचे. मागायचा संकोच म्हणून ती तहान मारायची. आज बाजूला बसणे पुष्कळ घरांतून गेले, तहान मारणे राहिले. लघवी तासन् तास रोखली आणि पाणीही प्यायले नाही, तर मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही.

देवासला १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांची आठवण असलेल्या घरांत पाणी जपून वापरायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण ती बादलीला लागू, पोरीच्या घशाला नव्हे.

२०२४ साली मध्य प्रदेश शासनाने शाळकरी मुलींच्या खात्यांत पॅडसाठी पैसे जमा केले. ते बदलायची जागा शाळेनेच द्यायची आहे. विश्वस्तांना विनंती एवढीच: मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, चालू नळ, झाकणाची कचरापेटी. आणि आम्हा शिक्षकांनी, तास चालू असताना मुलगी उठली तर "आत्ताच कशाला?" हे विचारणे सोडावे. मीही विचारत असे.