तेल निवळले, पाण्याचे काय?

दही घुसळले की लोणी वर येते. कच्च्या तेलाचे उलट असते. ते जितके घुसळले जाते, तितके पाणी त्यात मुरते. विहिरीतून तेलाबरोबर खारे पाणीही वर येते. झडपा, पंप आणि लांबच लांब नळांतून जाताना त्याचे बारीक थेंब होतात. तेलातले अस्फाल्टीनसारखे डांबरी, जड रेणू प्रत्येक थेंबाभोवती साय धरावी तसे कवच धरतात. मग दोन थेंब एकमेकांना भिडले तरी एक होत नाहीत. चॉकलेटी रंगाचे हे घट्ट पायस कितीही दिवस तसेच राहू शकते.

मुंबई हायमधून १९७६ साली तेल निघू लागले. अशा जुन्या तेलक्षेत्रांत वय वाढेल तसे तेल कमी आणि पाणी जास्त येऊ लागते. हे पाणी शुद्धीकरण कारखान्यात पोहोचले, तर त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड उष्णतेने फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि यंत्रे गंजतात. म्हणूनच तेलात साधारण अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी खरेदीदाराला चालत नाही.

यावरचा उपाय म्हणजे डिमल्सिफायर. सेंट लुईसचे रसायनतज्ज्ञ विल्यम बार्निकेल यांनी १९१४ साली अशा रसायनाचे पेटंट घेतले. त्याचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन अस्फाल्टीनला बाजूला सारतात, कवच फुटते, थेंब एक होऊन जड होतात आणि तळाशी बसतात. दहा लाख भाग तेलाला अनेकदा काही दहा भाग रसायन पुरते. मात्र एका विहिरीला चालणारे औषध दुसरीला चालेलच असे नाही. मात्रा जास्त झाली, तर फुटलेले पायस पुन्हा जमू शकते. म्हणून संगणकाच्या या काळातही निवड होते ती बाटलीतच. ताज्या तेलाचे नमुने बाटल्यांत भरायचे, थेंब थेंब रसायन घालायचे, कोमट ठेवायचे आणि किती वेळात किती पाणी खाली बसते ते पाहायचे.

या परीक्षेत सगळ्यांचे डोळे वरच्या तेलावर असतात. खालच्या पाण्याचा फार तर गढूळपणा पाहिला जातो. समुद्रातल्या फलाटांवर हेच पाणी प्रक्रिया करून बहुधा समुद्रात सोडतात. ईशान्य अटलांटिकसाठीच्या ऑस्पार कराराची मर्यादा आहे लिटरमागे ३० मिलिग्रॅम तेल. म्हणजे मोजायचे ते तेल. पाण्यात विरघळून गेलेले रसायन या आकड्यात दिसत नाही.

ही शंका उगाच नाही. डिमल्सिफायरच्या एका जुन्या, स्वस्त घराण्याचा पाया नोनिलफेनॉल आहे. हे संयुग शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. इंग्लंडमधल्या एअर नदीत लोकर धुणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून त्याच घराण्यातली संयुगे उतरली. तिथल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात अंड्यातल्या बलकाचे प्रथिन सापडले, जे एरवी मादीत तयार होते. लोकर आणि तेल हे धंदे वेगळे असले, तरी पाण्यात उतरल्यावर रेणूला धंदा नसतो.

रसायन नकोच म्हणणेही भोळेपणाचे ठरेल. त्याशिवाय पायस फोडायचे तर तेल जास्त तापवावे लागते, मोठ्या टाक्यांत जास्त वेळ ठेवावे लागते आणि त्यासाठी जास्त इंधन जाळावे लागते. प्रश्न कोणते रसायन आणि किती, एवढाच आहे. नॉर्वेने त्यावर सोपी वाट काढली. समुद्रातल्या प्रत्येक रसायनाला काळा, लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा. रंग ठरतो तो रसायन किती विघटित होते, सजीवांच्या शरीरात किती साठते आणि किती विषारी आहे यावरून. काळ्या-लाल रसायनांना पर्याय शोधण्याची जबाबदारी कंपनीवर असते. व्यापारी गुपित म्हणून बाजारापासून सूत्र लपवता येते, पण नियामकासमोर ते मांडावेच लागते.

भारतातही निविदेत लिटरमागच्या दराशेजारी हा एक रकाना हवा. बाटली-चाचणीत पहिल्या आलेल्या दोन-तीन रसायनांचे खालचे पाणी काढून घ्यावे, त्यात समुद्री शेवाळ आणि कोळंबीची पिल्ले सोडावीत आणि मगच मागणी नोंदवावी. लाखो बॅरल तेल काढणाऱ्याला हा खर्च जड नाही.