आवाज काय म्हणतो, हे कोणी विचारणार का?

बोईसर-तारापूरच्या आपल्या मोहल्ल्यांत एखाद्या तरुणाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले की घरचे आधी आमिलाकडे धावतात. तो जिन्न सांगतो. पैसे संपले की डॉक्टर. तो स्किझोफ्रेनिया सांगतो, गोळ्या देतो. गोळी लागू पडते, तावीज नाही. हा फरक मोठा आहे. पण आवाज नेमका काय म्हणतो, हे त्या मुलाला बहुधा दोघेही विचारत नाहीत. माझा वाद याच मौनाशी आहे.

समजा, एकाची खात्री आहे की कारखाना रात्री वायू सोडतो तो फक्त त्याला मारायला. घरचे म्हणतात, वेडा आहेस. कॉग्निटिव्ह थेरपी करणारा तसे म्हणत नाही. एमआयडीसीत वास येतो, हे तो मान्य करतो. मग विचारतो, शेजाऱ्यालाही आला ना? मग 'फक्त मला' कशावरून? शंभरात किती खात्री? दोघे मिळून पुरावा तपासतात. ॲरन बेक यांनी अशा एका रुग्णाची हकीकत १९५२ मध्येच लिहिली. ब्रिटनमध्ये आज गोळ्यांच्या जोडीने किमान १६ बैठकांची शिफारस आहे.

फायदा माफक आहे, असा आक्षेप घेतात. खरे आहे. आवाज थांबतीलच असे नाही. पण आवाजाचा प्रत्येक हुकूम पाळायचा नसतो, एवढे उमगले तरी घर वाचते.

'हे पाश्चात्त्यांचे खूळ' म्हणणाऱ्यांनी अबू झैद अल-बल्खी आठवावेत. हजार वर्षांपूर्वी भीती, दुःख आणि वसवशावर विचारांनीच इलाज करायला त्यांनी सांगितले. आणि न विचारता बांधून ठेवण्याचा शेवटही आठवावा: ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत इरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडातले २८ रुग्ण आगीत गेले.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी बंद केली आणि घराजवळ उपचार मिळणे हा हक्क ठरवला. पालघर २०१४पासून स्वतंत्र जिल्हा आहे. म्हणून मागणी साधी आहे: इथेच, आपल्या भाषेत बोलणारा प्रशिक्षित मानसतज्ज्ञ द्या. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून ठामपणे सांगतो: ज्याला आवाज उर्दूत किंवा मराठीत धमकावतो, त्याची उलटतपासणी परक्या भाषेत होत नाही.

दुआ जरूर करा. गोळी थांबवू नका. आणि ही मागणी जुम्याच्या खुत्ब्यातून, ग्रामसभेतून, दोन्हीकडून उठू द्या.