छप्पर सगळ्यांचं, हिशोबही सगळ्यांचा

कळवण तालुक्यात सौर ऊर्जा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कांद्याला पाणी भरायला रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन शेतात जाणं काय असतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून सौर पंपाच्या निळ्या पॅनेलकडे लोक आशेने बघतात. पण तेच पॅनेल मशिदीच्या छपरावर बसवू या म्हटलं, की बैठकीत आवाज चढतात. एक जण विचारतो, “अल्लाहच्या घरावर हे लोखंड कशाला?” दुसरा म्हणतो, “पैसे कुठून आणायचे?” आणि तिसरा खालच्या आवाजात म्हणतो, “नको रे बाबा. वर काही नवीन दिसलं की कुणीतरी तक्रार करेल.”

दोस्तहो, यातले पहिले दोन प्रश्न आपल्या आधी दुसऱ्यांनाही पडले आहेत. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत शेकडो वर्षं जुनी दगडी चर्च आहेत. तिथल्या ‘चर्च ऑफ इंग्लंड’च्या महासभेने २०२० साली ठरवलं, की २०३० पर्यंत आपला कार्बनचा हिशोब शून्यावर आणायचा. मग प्रश्न आला तो या जुन्या छपरांचा. बहुतेक जुनी चर्च पूर्व-पश्चिम लांब असतात, कारण वेदी पूर्वेला ठेवायची परंपरा आहे. त्यामुळे छपराची एक अख्खी बाजू दक्षिणेला, म्हणजे तिथल्या सूर्याच्या समोर येते. पॅनेलसाठी याहून चांगली जागा कुठली?

तरीही वाद झालेच. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं चॅपल पाचशे वर्षांहून जुनं. त्याच्या छपरावर पॅनेल नकोत, असं वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचंच म्हणणं होतं. नगर परिषदेने दोन्ही बाजू ऐकून परवानगी दिली आणि २०२३ मध्ये तिथे ४३८ पॅनेल बसली. हरकत घेणारे काही विज्ञानाचे वैरी नव्हते. जुनी वास्तू एकदा बिघडली की परत येत नाही, ही त्यांची काळजी खरीच होती.

आपण शिकावं असं तिथे जे आहे, ते पॅनेलच्याही आधीचं आहे. तिथल्या गावच्या चर्चला छपराला हात लावायचा असेल तर चर्चच्या व्यवस्थेकडे रीतसर अर्ज करावा लागतो, आणि त्याची नोटीस चर्चच्या दारावर ठराविक दिवस लावावी लागते. गावातला माणूस, मग तो रविवारी चर्चला येवो न येवो, हरकत नोंदवू शकतो. म्हणजे पाद्री आणि दोन-चार कारभारी यांनी मिळून परस्पर ठरवलं, असं होत नाही.

आपल्या मशिदींत हे किती वेळा होतं? मुतवल्ली आणि दोन-तीन ट्रस्टी ठरवतात, जुम्याला चंद्याची घोषणा होते आणि बाकीची जमात मान डोलावते. बायका तर या चर्चेत कुठेच नसतात. दारावर नोटीस लावली तरी त्या दारापर्यंत ज्यांचं येणं नाही, त्यांना ती दिसणार कशी? चंदा मात्र त्यांच्याही घरातून जातो. म्हणून नोटीस मराठी आणि उर्दूत लिहावी, दारावर लावावी आणि घराघरांत पोचवावी. खर्चाचे तीन ठिकाणचे अंदाज त्यात असावेत. हरकतीला मुदत असावी आणि प्रत्येक हरकतीला उत्तर मिळावं.

दुसरा धडा गणिताचा. गावच्या चर्चमध्ये वर्दळ मुख्यतः रविवारी, आणि सगळ्यात जास्त वीज लागते हिवाळ्यात, नेमकं तेव्हा जेव्हा तिथला सूर्य लपलेला असतो. म्हणून तिथे आधी छपराची दुरुस्ती करा, फटी बुजवा, दिवे बदला, असा सल्ला दिला जातो. पॅनेल नंतर, तेही गणित जमलं तर.

आपलंही गणित मांडू या. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर त्यातून रोज चारेक युनिट वीज मिळते. आपल्याकडे मशिदीचा स्लॅब बहुधा सपाट असतो, त्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे कलती ठेवता येतात. घुमट आणि मिनाराची सावली बहुतेक वर्षभर उत्तरेकडे झुकते, म्हणून जागा त्यांच्या दक्षिणेला शोधायची. अडचण वेळेची आहे. जोहर आणि असर उन्हात होतात, पण फजर, मगरिब आणि इशाला दिवे लागतातच. महावितरणच्या नेट मीटरमुळे दिवसा दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते. पण वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला फारच कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच लावणं म्हणजे जमातीचा पैसा वाया घालवणं. आणि वुजूच्या पाण्याची मोटर दुपारी चालवा. भरलेली टाकी हीच आपली सगळ्यात स्वस्त बॅटरी. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाणी उधळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो इसराफ विजेलाही लागू आहे.

पैशाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. प्रार्थनास्थळाचं बिल आपल्या राज्यात घरगुती दराने येतं, भाड्याने दिलेले गाळे आणि हॉल सोडून. म्हणून काही जणांना वाटतं, की ‘पीएम सूर्यघर’चं अनुदानही मिळेल. ती योजना राहत्या घरांसाठी आहे. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला तिथे ७८ हजार रुपये मिळतात. ते तुमच्या घरासाठी जरूर घ्या. मशिदीचा खर्च जमातीलाच उचलायचा आहे.

वास्तू जुनी असेल तर घाई नको. चुन्याच्या बांधकामाला किंवा लाकडी कैच्यांवरच्या कौलांना भोकं पाडू नका. नाशिकमध्ये शरणपूरच्या सेंट अँड्र्यूजसारखं जुनं चर्च असो, की एखादी जुनी मशीद, आधी इंजिनिअरला छप्पर दाखवा. शेजारचा वुजूखाना, मदरशाचा नवा स्लॅब किंवा अंगणातली शेड बहुतेक वेळा जास्त बरी. स्लॅबवर सिमेंटच्या वजनांनी सांगाडा धरून ठेवता येतो, मग पावसाळ्यात गळतीचं भांडण उरत नाही.

आता तिसऱ्या माणसाची भीती. ती पोकळ नाही. मशिदीवर साधा पत्रा बदलला तरी कुजबुज सुरू होते, हे आपण सगळे जाणतो. त्यावर उत्तर लपून काम करणं हे नाही. वक्फ बोर्डाची नोंदणी, जागेचे कागद, नगरपंचायतीला दिलेलं पत्र, महावितरणची मंजुरी, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि पहिलं पॅनेल वर चढण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजा, काय करतोय ते दाखवा. संशय वाढतो तो न सांगितलेल्या गोष्टीवर.

त्यांना सांगायला दाखलेही भरपूर आहेत. मोरोक्कोने २०१६ मध्ये सहाशे मशिदी सौर ऊर्जेवर आणायचं ठरवलं. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीवर पाचशेहून जास्त पॅनेल आहेत. व्हॅटिकनच्या सभागृहावर २००८ पासून आहेत. आणि आपल्या शेजारी शिर्डीत २००९ पासून ७३ तबकड्या उन्हावर वाफ करतात आणि त्या वाफेवर भक्तांचं जेवण शिजतं. त्याचं उद्घाटन तेव्हाचे केंद्रीय मंत्री फारूक अब्दुल्ला यांच्या हस्ते झालं होतं. ऊन कुणाचा धर्म विचारत नाही.

शेवटी एकच गोष्ट. साधा नेट मीटरचा संच लाइट गेली की बंद पडतो. सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. थोडे पैसे वाढवून छोटी बॅटरी घेतली, तर एका खोलीचे दिवे आणि पंखे चालू राहतील. ती खोली अभ्यासिका करा. दहावी-बारावीची, स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली तिथे बसू देत, शेजारच्या वस्तीतलीही. सदका-ए-जारिया म्हणतात तो हाच, जो देणारा गेल्यावरही चालू राहतो. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. तेवढी वर्षं बिल, बचत आणि खर्च यांचा कागद दर महिन्याला मशिदीच्या फळ्यावर लागला पाहिजे.

येत्या जुम्याला पॅनेलची मागणी करू नका. आधी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा.