मुंबईतलं रेडिओ स्टेशन पैसे कसं कमावतं? आणि त्यात तुमच्या फोनचा काय संबंध?

एफएम ऐकायला आपण एक रुपयाही देत नाही. ना रिचार्ज, ना सबस्क्रिप्शन. मग मुंबईसारख्या महागड्या शहरात हे स्टेशनवाले जगतात कशावर? "जाहिरातींवर" हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजून घ्यायला आधी खर्च बघू.

दिवस उजाडायच्या आधीच तीन लाख

२०१५ साली एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचा लिलाव झाला. त्यात मुंबईची एक फ्रिक्वेन्सी १२२ कोटींहून जास्त किमतीला गेली. परवाना १५ वर्षांचा. भागाकार करा: वर्षाला साधारण ८ कोटी, म्हणजे दिवसाला सव्वादोन लाख.

त्यावर वार्षिक फी. या टप्प्याच्या नियमाप्रमाणे उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा लिलावाच्या रकमेच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे धंदा बसला तरी वर्षाला ३ कोटी द्यायचेच. दोन्ही मिळून, आरजेने माइक ऑन करायच्या आधीच दिवसाचे तीन लाख गेले. पगार, वीज, टॉवरचं भाडं आणि गाण्यांची रॉयल्टी अजून मोजलीच नाही.

विकायला काय आहे? फक्त सेकंद

एसटी सुटली की रिकामी सीट विकता येत नाही. रेडिओच्या सेकंदांचंही तसंच. समजा, दहा सेकंदांच्या जाहिरातीला सरासरी ५०० रुपये मिळतात (हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरलाय). तर तीन लाखांसाठी ६०० जाहिराती लागतील, म्हणजे १०० मिनिटं. दिवसाचे १७ तास धरले तर दर तासाला सहा मिनिटं निव्वळ परवान्यासाठी! जाहिराती वाढवत नेल्या तर लोक बटण दाबून दुसरीकडे जातात. म्हणून सेकंद वाढवण्यापेक्षा दर वाढवणं महत्त्वाचं. दर मिळतो सकाळी आणि संध्याकाळी, जेव्हा लोक हायवेवर अडकलेले असतात.

गिऱ्हाईक कोण? ठाण्यातला ज्वेलर, विरारचा बिल्डर, दादरचे क्लासेस. त्यांना देशभर नाही, आपल्याच शहरात पोचायचंय. उद्या सेल असेल तर आज जाहिरात लागते. टीव्हीवर हे इतक्या स्वस्तात जमत नाही.

सगळी स्टेशनं सारखीच का वाटतात, याचं उत्तरही मला इथेच दिसतं. एवढे पैसे मोजल्यावर कुणीच मोठी गर्दी सोडायला तयार नसतं. म्हणून सगळीकडे हिंदी हिट गाणी, आणि मुंबईतच मराठी गाणं कोपऱ्यात. बातम्या देऊन वेगळं व्हावं, तर खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बुलेटिन तेवढं लावता येतं. तासाला १० मिनिटं बातम्यांची परवानगी द्या, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये केली होती.

मग नफा येतो कुठून?

टॉवरमधून. एकाने ऐकलं काय किंवा दहा लाखांनी ऐकलं काय, ट्रान्समीटरचं वीजबिल तेवढंच. एकदा रोजचा खर्च निघाला की पुढच्या प्रत्येक जाहिरातीतला मोठा हिस्सा नफाच असतो.

अॅपचं उलटं आहे. ऐकणारा वाढला की सर्व्हरचा खर्च वाढतो. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१डी मुळे रेडिओला ठरलेल्या दरात गाणी वाजवायचा हक्क मिळतो. ही सवलत इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही, असं मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये विंक आणि टिप्सच्या प्रकरणात म्हटलं. म्हणजे आरजे तोच, गाणं तेच, पण टॉवरवरून स्वस्त आणि अॅपवरून महाग. "रेडिओने सरळ अॅपवर जावं" म्हणणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

आता तुमचा फोन बघा

फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायर अँटेना म्हणून लागते. ३.५ एमएमचा जॅक गेला आणि सोबत रेडिओही गेला. काही फोनमध्ये तर चिप एफएम पकडू शकते, पण कंपनीने सोय बंद ठेवलेली असते. एप्रिल २०२३ मध्ये आयटी मंत्रालयाने कंपन्यांना ती चालू ठेवायला सांगितलं, पण ती सूचना होती, सक्ती नव्हे. परिणाम? कारवाले श्रोते टिकले, लोकलमधले कानात इअरबड्स घालून अॅपवर गेले. उद्याचं गिऱ्हाईकच हातातून निसटतंय.

यापुढची परीक्षा २०३० मध्ये. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच स्टेशनांचे परवाने तेव्हा संपतात. ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये १३ शहरांत डिजिटल रेडिओ आणायची शिफारस केली, त्यात मुंबई, पुणे आणि नागपूरही आहेत. एकाच फ्रिक्वेन्सीवर नेहमीच्या चॅनलसोबत तीन डिजिटल चॅनल चालू शकतील. विकायला सेकंद जास्त मिळाले, तर त्यातलं एखादं चॅनल पूर्ण मराठी ठेवणंही परवडेल. पण ते ऐकायला फोनमध्ये रिसीव्हर हवा. तो नसेल तर कितीही चॅनल आले तरी ऐकणार कोण?

म्हणून पुढचा फोन घेताना कॅमेरा बघाच, पण स्पेसिफिकेशनमध्ये "एफएम रेडिओ" ही ओळही शोधा. मुसळधार पावसात नेटवर्क जातं, तेव्हा डेटाशिवाय चालणारी तीच एक गोष्ट असते.