लाल पंप, हिरवा पंप

पाणी उकळून प्या, हा सल्ला पावसाळ्यात घरोघरी दिला जातो आणि जंतूंपुरता तो खराच आहे. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमधल्या लाखो घरांत मात्र तो कामाचा नाही. तिथल्या कितीतरी हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला रंग, वास, चव काही नाही. उकळून ते जात तर नाहीच. पाणी आटेल तसं उरलेल्या पाण्यातलं त्याचं प्रमाण वाढतं.

हे पंप बसवले गेले ते मुळात जीव वाचवायला. तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती, म्हणून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने बांगलादेशात गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ आलं. त्यात आर्सेनिक शोधण्याचा रिवाजच तेव्हा नव्हता. नद्यांनी आणलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून बसलेलं होतं. प्राणवायू नसलेल्या थरांत हे कण विरघळले आणि विष पाण्यात उतरलं. पश्चिम बंगालमध्ये त्याचा माग लागला १९८३ साली, कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यामुळे. रुग्णांच्या छातीवर काळे ठिपके होते, तळहात-तळपायांवर टणक गाठी. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

गंमत म्हणजे उपायही लोखंडातच सापडला. गंज आर्सेनिकला धरून ठेवतो. एकावर एक तीन घागरी, वरच्या घागरीत वाळू आणि लोखंडाचा कीस, मधलीत कोळसा आणि बारीक वाळू, खालच्या घागरीत गाळलेलं पाणी, अशी साधी मांडणी बंगालच्या खेड्यांत वापरली गेली. अडचण एकच: कीस गंजून त्याचा घट्ट गोळा व्हायचा आणि पाणी तुंबायचं. मूळचे बांगलादेशातल्या कुष्टियाचे, अमेरिकेत शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी खास प्रक्रिया केलेल्या लोखंडाचा सच्छिद्र थर बनवून ही अडचण सोडवली. त्यांच्या ‘सोनो’ फिल्टरला वीज लागत नाही. २००७ साली त्याला दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला आणि त्यातली बहुतेक रक्कम हुस्साम यांनी फिल्टरवाटपासाठी दिली.

फिल्टर हवाच, पण त्याआधी पाण्याची तपासणी हवी. शेजारशेजारच्या दोन पंपांपैकी एक विषारी आणि दुसरा चांगला, असं तिथे सर्रास आढळतं. २०००नंतर बांगलादेशात सुमारे ५० लाख पंप तपासले गेले. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असलेले लाल रंगवले, बाकीचे हिरवे. (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे, म्हणजे हिरवा पंपही पूर्ण निर्धोक नव्हे.) तरी तेवढ्या रंगावर पुष्कळ बायकांनी लाल पंप सोडून शेजारच्या हिरव्या पंपावर पाणी भरायला सुरुवात केली. एवढ्या स्वस्तात एवढं काम दुसऱ्या कुठल्याच उपायाने केलेलं नाही. पण पुढे तो रंग उडाला, आणि मधल्या काळात लोकांनी पदरच्या पैशाने खोदलेल्या असंख्य नव्या पंपांचं पाणी कित्येक वर्षं कुणी तपासलंच नाही. तपासणीची ती मोहीम दर काही वर्षांनी पुन्हा व्हायला हवी, सरकारच्या खर्चाने आणि दारोदार.