अंतराळ स्थानक आणि मामा तलाव

अंतराळ स्थानकांची भलामण करताना एक दावा हटकून पुढे येतो: वरून पिके, जंगले, पाणी दिसते, म्हणजे शेतकऱ्याचा फायदा. भंडाऱ्यासारख्या धानाच्या आणि तलावांच्या जिल्ह्यात तो पटकन पटतो. त्याला आधारही आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत ‘सल्यूत-७’वर गेले, तेव्हा ‘टेरा’ प्रयोगात भारतभूमीची छायाचित्रे घेणे हे त्यांचे एक प्रमुख काम होते.

तरीही दावा टिकत नाही. रोवणीच्या तोंडावर मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, पाणी किती, हे वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते. आठवडाभराच्या पाहुण्याचे हे काम नव्हे. १९८८ साली सोडलेला आयआरएस-१ए उपग्रह दर २२ दिवसांनी त्याच जागेवर परतत असे, आणि त्याला ना जेवण लागे ना हवा. माणसांकरवी टेहळणी करणारे लष्करी स्थानक अमेरिकेने १९६९ मध्येच रद्द केले होते.

म्हणून स्थानके म्हणजे नुसता महासत्तांचा बडेजाव, असे विरोधक म्हणतात. तेही चूक. बडेजाव होताच, पण हाती लागले ते वेगळेच: अंतराळात दीर्घकाळ राहणे आणि स्थानक दुरुस्त करत टिकवणे. १९७१ मध्ये ‘सल्यूत-१’वर तिघे तीन आठवड्यांहून अधिक राहिले आणि परतताना यानातील हवा निसटल्याने दगावले. १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’चे संरक्षक आवरण उड्डाणातच फाटले. पहिल्या तुकडीने छत्रीसारखा पडदा उघडून आतला उकाडा आटोक्यात आणला, अडकलेला सौरपंख मोकळा केला. तिसरी तुकडी तर ८४ दिवस राहिली. ‘सल्यूत-६’ला (१९७७) जोडणीची दोन दारे होती. एकाला माणसांचे यान, दुसऱ्याला अन्न-इंधन आणणारे मालवाहू ‘प्रोग्रेस’. तेव्हापासून स्थानकाचे आयुष्य सोबत नेलेल्या शिदोरीपुरते उरले नाही.

तलावाचेही असेच. कोहळी समाजाने पाळी बांधल्या, पण तलाव टिकतो तो गाळ काढणाऱ्या आणि पाळ राखणाऱ्या हातांमुळे. मालगुजारी गेल्यावर ही राखण ढिली पडली आणि कित्येक तलाव उथळ झाले.

शर्मा राहिले तेच ‘सल्यूत-७’ फेब्रुवारी १९८५ मध्ये मुके झाले. जूनमध्ये झानिबेकोव आणि साविनिख या सोव्हिएत अंतराळवीरांनी आपले यान हाताने चालवत त्याला जोडले. आत वीज नव्हती, भिंतींवर हिम साचले होते. त्यांनी बॅटऱ्या थेट सौरपट्ट्यांना जोडल्या, आपल्या यानाच्या जोरावर स्थानक सूर्याकडे वळवले आणि ते पुन्हा चालू केले.