टायमर लावला, पण मुळांचा विचार केला का?



आमच्या घरापुढे दहा बाय दहा फुटांची छोटीशी हिरवळ आहे. भावजींनी नळाला टायमर आणि एक फवारा बसवून दिला. रोज सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. मला वाटलं, चला, एक काम कमी झालं! गवतही छान हिरवंगार दिसायचं.

गेल्या मे महिन्यात लग्नासाठी माहेरी गेले. चार दिवसांनी येऊन बघते तर काय, सगळी हिरवळ पिवळी पडलेली. टायमरचे सेल संपले होते. पण कुंपणाबाहेरची हरळी, जिला कुणी थेंबभर पाणी घालत नाही, ती तग धरून होती. खुरप्याने दोन्हीकडची माती उकरून पाहिली. माझ्या गवताची मुळं जेमतेम दोन बोटं खोल. बाहेरच्या हरळीची मुळं वीतभर खणलं तरी संपेनात.

सेल संपले हे निमित्त झालं. खरी चूक माझ्या वेळापत्रकात होती. रोज थोडं थोडं पाणी दिलं की फक्त वरची माती ओली होते. मुळं ओल असेल तिथेच वाढतात, म्हणून तीही वरच राहतात. उन्हाने वरचा थर तापला की त्यांना दुसरा आधार नसतो. पाणी खोलवर मुरलं आणि मध्ये वरची माती थोडी सुकू दिली, की मुळं खाली उतरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : टायमर असावा, पण त्यातली ‘रोज’ची सवय काढून टाकावी.

मी काय केलं ते सांगते. सपाट तळाचे चार डबे हिरवळीवर ठेवून फवारा दहा मिनिटं चालवला आणि पट्टीने पाणी मोजलं. सरासरी 4 मिलिमीटर भरलं. म्हणजे पूर्वी आठवड्याला 28 मिलिमीटर पाणी जात होतं. आता आठवड्यातून दोन पाळ्या, प्रत्येक पाळी 30 मिनिटांची. एकूण 24 मिलिमीटर. पाणी वाढलं नाही, उलट थोडं वाचलं. फक्त वाटणी बदलली.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात :

1. आमची माती काळी, पाणी हळू पिणारी. एकदम 30 मिनिटं सोडलं तर ते वाहून जातं. म्हणून 10-10 मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती.
2. वेळ पहाटेची. दुपारी बरंच पाणी वाफ होऊन जातं, आणि रात्रभर पाती ओली राहिली तर बुरशी येते.
3. बदल हळूहळू करावा. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. नव्याने लावलेल्या गवताला मात्र मूळ धरेपर्यंत थोडं थोडं, वारंवारच पाणी लागतं.
4. कडक उन्हाळ्यात एखादी पाळी वाढवावी, थंडीत कमी करावी, पावसाळ्यात टायमर बंद. धो धो पावसात फवारा चालू असलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं.

घड्याळाला माती दिसत नाही, ती आपणच बघायची. पाळी झाल्यावर काही तासांनी लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. वीतभर सहज गेला तर पाणी खाली पोचलं. गवतावर चाललेल्या पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहिले, तर त्याला तहान लागली आहे.

काही जण विचारतील, ‘टंचाईच्या गावात हिरवळ हवीच कशाला?’ प्रश्न रास्त आहे. टँकर येत असेल तर गवताला पाणी नकोच. हरळी बहुधा सुकून निजते आणि पावसात पुन्हा फुटते. पण ज्यांच्या दारात हिरवळ आहेच, त्यांनी निदान पाणी मोजून द्यावं.

हे काम चौथी-पाचवीच्या मुलांकडे सोपवून बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लीटर. आमची हिरवळ साधारण 9.3 चौरस मीटर, म्हणजे 12 मिलिमीटरच्या एका पाळीला सुमारे 112 लीटर. मुलगा डबे मांडेल, पट्टी लावेल, गुणाकार करेल. परवा माझा मुलगा म्हणाला, “आई, एवढ्यात आपल्या सात-आठ बादल्या होतात!” क्षेत्रफळाचा तो धडा मी फळ्यावर इतका चांगला कधीच शिकवला नव्हता.